हौशी, धंदेवाईक की पगारी?

प्रश्न असा आला आहे: ‘मिडलसेक्स कौंटीचा ऑफस्पिनर फ्रेड टिटमस याच्यावर लेख लिहिते आहे. तो ‘प्रोफेशनल’ होता, त्याच्या काळातले बरेचसे कप्तान ‘अ‍ॅमॅच्युअर’. मी ‘व्यावसायिक’ आणि ‘हौशी’ असे शब्द योजले. वडील म्हणतात, ‘धंदेवाईक’ हाच खरा जुना मराठी शब्द. मैत्रीण ‘पेशेवर’ म्हणते. कोणाचं ऐकू?’

मैत्रिणीचा निकाल आधी लावून टाकू. ‘पेशा’ मराठीत मुरलेला आहे; शिक्षकी पेशा, वकिली पेशा, पांढरपेशा. ‘पेशेवर’ मात्र अलीकडे हिंदी बातम्यांतून आला आणि अजून परकाच वाटतो. सोडून द्या.

वडिलांचं म्हणणं चूक नाही. नाटकाच्या जगात ‘धंदेवाईक’ आणि ‘हौशी’ ही जोडी जुनीच. पण शब्दाचं नशीब पालटलं. आज डॉक्टरला धंदेवाईक म्हटलं तर तो भांडायला उठेल. टिटमसबद्दल तुम्ही तसं लिहिलंत, तर तो पैशासाठी काहीही करणारा होता असं तरुण वाचक समजेल. उलट ‘व्यावसायिक’ इतका गुळगुळीत झालाय की ती शाबासकीच वाटते. ‘अगदी व्यावसायिक खेळी केली’ हे वाक्य आपण समालोचनात रोज ऐकतो. १९५० साली लॉर्ड्सवर कोणी तुम्हाला ‘प्रोफेशनल’ म्हटलं, तर ती शाबासकी नव्हती. ती तुमची पायरी होती.

ही पायरी मराठीत कशी आणायची, हा खरा प्रश्न. कारण इंग्लंडमधल्या या भेदाचा संबंध खेळाच्या दर्जाशी नव्हता आणि आवडीशीही नव्हता. अ‍ॅमॅच्युअर म्हणजे घरचं बरं असलेला, बहुधा चांगल्या शाळा-विद्यापीठातून आलेला, खेळण्याचा पगार न घेणारा. प्रोफेशनल म्हणजे कौंटीचा, म्हणजे परगण्याच्या संघाचा, नोकर. कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरायची दारं वेगळी. प्रोफेशनलने अ‍ॅमॅच्युअरला ‘मिस्टर’ म्हणायचं. कप्तान शक्यतो अ‍ॅमॅच्युअरच, मग त्याला खेळता येवो न येवो. धावफलकाच्या कार्डावर अ‍ॅमॅच्युअरची आद्याक्षरं आडनावाच्या आधी, प्रोफेशनलची नंतर.

तुमचा टिटमस इथेच भेटतो. १९४९ साली, सोळाव्या वर्षी, तो मिडलसेक्सकडून पहिला सामना खेळला. तो नवखा असतानाचा एक किस्सा इंग्लिश क्रिकेटवाले हमखास सांगतात. छापील कार्डावर चुकून ‘एफ. जे. टिटमस’ आलं होतं. लॉर्ड्सच्या ध्वनिक्षेपकावरून दुरुस्ती जाहीर झाली: ‘एफ. जे. टिटमस’ऐवजी ‘टिटमस, एफ. जे.’ असे वाचावे. दोन अक्षरं पुढची मागे नेली, एवढंच. मराठी वाचकाला यातली मेख कळत नाही, कारण आपल्याकडे आडनाव पुढे आलं म्हणून कोणाचा अपमान होत नाही. शाळेच्या हजेरीपटावर सगळेच तसे. आपला मानापमान क्रियापदात असतो. ‘टिटमस साहेब फलंदाजीला येत आहेत’ हे चुकलं, ‘टिटमस फलंदाजीला येतोय’ असं वाचावे, असं म्हटलं की झोंबतं. तुमच्या लेखात हा किस्सा घेणार असाल, तर आद्याक्षरांच्या जोडीला हा अहो-जाहो आणि अरे-तुरेचा दाखला द्या.

आता ‘हौशी’. अर्थाने तो ‘अ‍ॅमॅच्युअर’ला इतका चपखल बसतो की मोह होतो. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला ‘प्रेम करणारा’ आहे. आपल्या हौसेच्या मुळाशी अरबी-फारसीतला ‘हवस’. हिंदीत त्याच शब्दाला वासनेचा वास लागला, मराठीत मात्र त्याने हौसेमौजेचं लग्न लावलं. म्हणून ‘हौशी’ ठेवाच. फक्त पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य जोडा, की हे हौशी बिनपगारी होते, कच्चे नव्हते. आपल्याकडे ‘हौशी’ म्हटलं की नोकरी सांभाळून राज्य नाट्यस्पर्धेची तालीम करणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. इंग्लिश हौशाला नोकरी सांभाळायची नसे. नोकरी करावी न लागणं हेच त्याचं हौशीपण.

निदान कागदावर तरी. कारण पैसे तर त्यांनाही लागत. एसेक्सचा ट्रेव्हर बेली अ‍ॅमॅच्युअर, पण त्याच कौंटीचा पगारी सचिव. बिल एडरिच आधी प्रोफेशनल होता, १९४७मध्ये अ‍ॅमॅच्युअर झाला आणि पुढे मिडलसेक्सचा कप्तानही. वॉली हॅमंडने १९३८मध्ये असाच वेश बदलला आणि इंग्लंडचा कप्तान झाला. इंग्रजीत या ढोंगाला ‘शॅमॅच्युअर’ असा चेष्टेचा शब्द आहे. मराठीत तो घडवत बसू नका, जत्रेत तो तयारच आहे: हौसे, नवसे आणि गवसे. बेलीला ‘हौशांतला गवसा’ म्हटलं की अर्थ पोचतो, आणि जरा गुदगुल्याही होतात.

लेन हटनने वेश बदलला नाही. प्रोफेशनल राहूनच तो १९५२मध्ये इंग्लंडचा कप्तान झाला, आणि त्याचा पहिला सामना होता हजारेंच्या भारतीय संघाशी, हेडिंग्लेवर. दुसऱ्या डावात शून्यावर चार बाद, तोच तो सामना. त्या चारांत आपले माधव मंत्री आणि विजय मांजरेकर. आपल्याकडे त्या फलकाची आठवण इतकी ठसठसते की समोरचा कप्तान कोण, हे कोणी सांगतच नाही.

तर टिटमससाठी माझं मत ‘पगारी’ला. ‘पगारी खेळाडू’ यात नोकरी आहे, मालक आहे, आणि किंचित खालची पायरीही आहे. शिवी मात्र नाही. ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला, पण आता तो इतका घरचा आहे की दर एक तारखेला त्याची वाट पाहतो. ‘जंटलमेन विरुद्ध प्लेअर्स’ हा १८०६पासूनचा सामना याच दोन जातींमधला. त्याचं ‘सभ्य गृहस्थ विरुद्ध खेळाडू’ असं भाषांतर केलंत, तर टिटमसची गणती असभ्यांत होईल. ‘बिनपगारी विरुद्ध पगारी’ म्हणा.

‘व्यावसायिक’ मात्र अगदी फेकून देऊ नका, पुढे लागेल. १९६२च्या अखेरीस हा भेदच मोडीत निघाला, पुढच्या मोसमापासून सगळे नुसते क्रिकेटपटू. जानेवारी १९६४मध्ये मुंबईच्या ब्रेबर्नवर, आजारपणाने खिळखिळ्या झालेल्या इंग्लंडकडून टिटमसने नाबाद ८४ केल्या, तेव्हा तो कागदोपत्री कोणाच्याच खालचा नव्हता. १९६५मध्ये तो मिडलसेक्सचा कप्तान झाला. १९६८मध्ये बार्बाडोसला बोटीच्या पंख्यात पायाची चार बोटं गेली, तरी त्याच वर्षी तो पुन्हा कौंटीसाठी गोलंदाजी करत होता. १९८२मध्ये, एकोणपन्नासाव्या वर्षी, लॉर्ड्सवर सहज डोकावला तर तेव्हाचा कप्तान ब्रिअर्लीने त्याला सरे कौंटीविरुद्ध खेळायलाच उतरवलं, आणि पठ्ठ्याने दुसऱ्या डावात तीन बळी घेतले. एकूण २,८३० बळी. इथे ‘व्यावसायिक’ आजच्या अर्थाने, शाबासकी म्हणून, बेधडक लिहा.

जाता जाता: कौंटीची ‘कॅप’, म्हणजे संघातल्या पक्क्या खेळाडूला मिळणारी मानाची टोपी, मिळाली हे ‘कौंटीने त्याला टोपी घातली’ असं मात्र लिहू नका. वडील हसतील.