विचारा की! : आर14 नक्की कुठला?

प्रश्न : सर नमस्कार, माझं कुपवाड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, बोअरच्या मोटरचे स्टार्टर बोर्ड बनवतो, फेज गेला की मोटर बंद करणारे. तासगाव-मिरज बाजूला बऱ्यापैकी खपतात. ड्रॉइंग कीकॅडमध्ये, म्हणजे सर्किट नि बोर्ड काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. परवा त्यात दोन रेझिस्टर नि एक एलईडी वाढवला आणि नंबर ओळीत यावेत म्हणून ॲनोटेटमध्ये, म्हणजे पार्टना आपोआप नंबर देतात तिथं, जाऊन रिसेट मारला, म्हणजे सगळे नंबर नव्यानं. ओळीत आले खरे, पण काल तासगावहून मेकॅनिकचा फोन, आर14, म्हणजे 14 नंबरच्या रेझिस्टरचा पाय गंजून तुटलाय, कितीचा टाकू? मी नवीन ड्रॉइंग बघून 470 ओहम सांगितलं आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की त्याच्या हातातल्या जुन्या बोर्डावर आर14 म्हणजे रिलेच्या ट्रान्झिस्टरच्या बेसचा 10के, म्हणजे 10 हजार ओहमचा. आता हे ऑटो नंबरिंग वापरायचंच नाही का?
— एक वाचक, कुपवाड

उत्तर : आधी त्या मेकॅनिकला फोन लावा, बाकीचं नंतर वाचा.

लावला? बरं. बेसला एलएम324 या ॲम्प्लिफायर आयसीमधून 12 व्होल्टवर ड्राइव्ह असेल असं धरतो. त्याचं आउटपुट पूर्ण 12 ला पोचत नाही, दीडेक व्होल्ट खालीच राहतं, तरी 470 मधून 20 मिलिॲम्पिअरच्या आसपास जाणार. जिथं एक मिलिॲम्पिअर पुरत होता तिथं वीस! पाव वॉटचा रेझिस्टर हाताला चटका देईल आणि बिचारी आयसी उगाच राबत बसेल. रिले मात्र व्यवस्थित ओढेल, म्हणून चूक कुणाच्या लक्षातच यायची नाही.

ऑटो नंबरिंगचा काही दोष नाही हो. शंभर पार्ट हाताने मोजत बसलात तर दोन आर27 होणारच. चुकलं ते रिसेट. आपल्याकडं एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तर अजून जुनं खरेदीखत वाचायचं म्हटलं की फेरफार काढावा लागतो, तसंच हे. बोर्ड छापून बाहेर गेला की तो नंबर ड्रॉइंगचा राहत नाही, बोर्डाचा होतो. मग नवीन पार्ट टाकताना 'कीप एक्झिस्टिंग' वरच ठेवायचं, म्हणजे आर? असं प्रश्नचिन्ह असलेल्यांनाच नंबर मिळतो, जुन्यांना हात लागत नाही. मधला एखादा रेझिस्टर काढून टाकला तर तो नंबर रिकामा राहू द्या. आर9 नंतर आर11 आला म्हणून कुणाचं काही अडत नाही, आणि तो रिकामा नंबर दुसऱ्या पार्टला तर अजिबात देऊ नका.

आता झालंय ते निस्तरायचं कसं? तुम्ही पीसीबी, म्हणजे बोर्डाच्या मांडणीची फाइल, अपडेट केली नसेल, म्हणजे एफ8 दाबलं नसेल, तर सोपं आहे. जुने नंबर पीसीबी फाइलमध्ये जसेच्या तसे आहेत. प्रोजेक्टची कॉपी काढून ठेवा, मग स्कीमॅटिकमधून, म्हणजे सर्किटच्या ड्रॉइंगमधून, 'अपडेट स्कीमॅटिक फ्रॉम पीसीबी' करा, त्यात रेफरन्सवर, म्हणजे आर14 सारख्या नंबरवर, टिक ठेवा, आणि रेफरन्स बघून री-लिंक करायची टिक मात्र काढा, नाहीतर गोंधळात अजून गोंधळ. आतल्या आयडीवरून पार्ट ओळखला जातो म्हणून जुने नंबर बरोबर परत येतात. एफ8 पण दाबलं असेल तर प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच प्रोजेक्टच्या नावापुढं बॅकअप्स लिहिलेलं फोल्डर शोधा, कीकॅड स्वतःच झिप करून ठेवतं.

एक अजून बघा. एलएम324 मध्ये चार ॲम्प, यू1ए ते यू1डी. बोर्डावर असे दोन आयसी असतील तर रिसेटनंतर कुठला ॲम्प कुठल्या आयसीत गेलाय ते डोळ्याने तपासा. तिथं अदलाबदल झाली तर नुसतं नाव नाही, वायरिंगच बदलतं.

पुढचा बोर्ड अगदी नव्यानं करणार असाल तेव्हा मात्र हौसेनं रिसेट मारा. दोन शीट असतील तर शीट नंबर गुणिले 100 निवडा, पहिल्या शीटवर आर101, दुसऱ्यावर आर201, फोनवर नंबर ऐकला की कुठलं पान उघडायचं ते कळतं. किंवा पीसीबीत 'जिओग्राफिकल रीॲनोटेट' आहे, ते बोर्डावरच्या जागेप्रमाणे ओळीनं नंबर देतं, सोल्डरिंगला बसणाऱ्या ताईंना पार्ट शोधत बसावं लागत नाही. हे सगळं बोर्ड छापायला टाकायच्या आधी. नंतर नाही.

प्रश्न : डिप्लोमाच्या प्रोजेक्टमध्ये सॉफ्टवेअर आयसीला यू1 म्हणतं, आमचे सर आयसी1 लिहा म्हणतात. बरोबर काय?
— एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : यू हे अक्षर आयट्रिपलई या इंजिनिअरांच्या संस्थेच्या 315 नंबरच्या, 1975 च्या स्टँडर्डमध्ये आहे, तसंच रिलेला के, ट्रान्झिस्टरला क्यू आणि क्रिस्टलला वाय. आपल्याकडच्या दुरुस्तीच्या ड्रॉइंगमध्ये आयसी1, टीआर1, आरएल1 सर्रास दिसतं, सर त्याच सवयीचे असणार. ऑटो नंबरिंगला काही फरक पडत नाही, ते सिम्बॉलच्या रेफरन्समधलं अक्षर उचलतं आणि पुढं आकडा लावतं. सगळ्या सिम्बॉलमध्ये यू? च्या जागी आयसी? करून टाका. मार्क सरच देणार आहेत ना.