मोठ्यांच्या ॲक्शन फिगर संग्रहातून प्लेसेट का गायब झाले?

प्लेसेट, म्हणजे ॲक्शन फिगर (हातपाय वळणारे खेळण्यातले गडी) ज्यात खेळवायचे ते किल्ले नि जहाजं, कंपन्यांनी मारले नाहीत, फिगर नुसत्या कपाटात मांडून ठेवणाऱ्या काचेच्या कपाटवाल्यांनी मारले. माझा मेव्हणा त्यातलाच, म्हणून लिहायला बसलो.

आधी हिशेब. केनर या खेळणी कंपनीच्या जमान्यातल्या स्टार वॉर्स फिगर ३.७५ इंची. २०१३ मध्ये हॅस्ब्रो कंपनीची ब्लॅक सिरीज ही ६ इंची स्टार वॉर्स मालिका आली आणि मोठं गिऱ्हाईक ६ इंचावर गेलं. उंची १.६ पट, पण किल्ला तिन्ही बाजूंनी वाढणार, म्हणजे चौपट जागा खाणार. जी. आय. जो या ३.७५ इंची सैनिक फिगरांची यूएसएस फ्लॅग नौका (१९८५) मुळातच ७.५ फूट लांब होती. ६ इंची गड्यांसाठी तीच १२ फूट होईल. ठेवा कुठं ठेवताय ती!

साच्याचंही आहेच. एका अंगाच्या साच्यावर डोकं बदलून दहा पात्रं खपवता येतात, ऐंशीच्या दशकातल्या ही-मॅनच्या खेळण्यांपासून हेच चाललंय. किल्ल्याचा साचा किल्ल्यालाच. म्हणून २०१८ ला हॅस्ब्रोनं स्टार वॉर्समधल्या जब्बा या खलनायकाचं जहाज, 'सेल बार्ज', काढलं ते किमान ५००० गिऱ्हाइकं आधी जमवूनच, ५०० डॉलरला एक. तेसुद्धा ३.७५ इंची मापातच.

आता मेव्हणा. दिवाळीत आमच्या मंगळवार पेठेतल्या बोळात पोरं पन्हाळा करत होती. विटा रचून वर चिखलात बुडवलेलं गोणपाट, त्यावर हळीव पेरलेला, तीन दरवाजा, अंधारबाव, सगळं जागच्या जागी. मी हौसेनं माझा एक ६ इंची गडी नेऊन बुरुजाशी उभा केला. बुरुज त्याच्या कमरेला! एक पोरगं म्हणालं, "काका, ह्यो अफजलखान करूया." दुसरं लगेच, "येड्या, पन्हाळ्याला सिद्दी जौहर आलता." मग जौहर ठरला. वेढ्यासाठी घरातनं आणखी चार गडी गेले. दोन दिवस नुसती धमाल.

भाऊबीजेला मेव्हणा पुण्याहून आला. ओवाळून घ्यायच्या आधी त्याला माती दिसली. "दाजी, जॉइंटात माती गेली, आता रिसेल व्हॅल्यू शून्य." अरे, पण विकायचंय कुणाला? त्याच्या घरी एलईडीखाली सगळे गडी फोटो स्टुडिओत उभं केल्यासारखे ताठ. 'फिगर स्वतः बोलते, मागं काही लागत नाही,' हे त्याचं कायमचं पालुपद. पण १९८२ च्या कॅसल ग्रेस्कलमध्ये, म्हणजे ही-मॅनच्या किल्ल्याच्या प्लेसेटमध्ये, सिंहासन फिरवलं की पुढची फळी उघडायची आणि उभा असलेला गडी थेट तळघरात. लहानपणी आतेभावाकडं आम्ही तेवढंच दुपारभर करायचो. खलनायकाला पडायला भोकच नसेल तर तो कसला खलनायक?

तर तुम्ही कंपनीची वाट बघू नका. थर्माकोलपेक्षा घट्ट फोम शीट घ्या, माप १:१२ (खऱ्याच्या बारावा हिस्सा, ६ इंची गड्याला हेच बसतं) धरा आणि पूर्ण किल्ला करायच्या नादी लागू नका. एक दरवाजा, एक भिंत, पडायला एक खड्डा, बास. स्प्रे पेंट थेट मारू नका, फोम विरघळतो. आधी ॲक्रिलिकचा हात द्या. आणि बिनधास्त खेळा, वय कुणी विचारत नाही. मेव्हणे सोडून.

हां, ओल्या मातीत महागडा, कापडी कपडे घातलेला गडी नेऊ नका, डाग जात नाहीत. आणि भाड्याच्या एका खोलीत राहत असाल तर कपाटच बरं, एवढं मी मानतो. मेव्हण्याला मात्र ही सबब नाही, त्याचा स्वतःचा थ्री बीएचके आहे.