रेक्यानेसला जमिनीची हालचाल मोजणार असाल तर

उपग्रहाच्या रडार-चित्रावर लगेच भाळू नका. आइसलँडच्या रेक्यानेस द्वीपकल्पातले कित्येक भ्रंश (खडकातल्या सरकणाऱ्या भेगा) उत्तर-दक्षिण जातात आणि त्याच दिशेने आडवे सरकतात. नेमकी हीच हालचाल सेंटिनेल-१ या रडार-उपग्रहाला जवळजवळ दिसत नाही. तिथे भ्रंशाच्या दोन्ही बाजूंना जीपीएस हवंच. जीपीएसची खुंटी पक्क्या खडकात ठोका. गरम पाण्याच्या विहिरीजवळच्या भरावावर नको, तो स्वतःच खचतो.

याच द्वीपकल्पातल्या स्वार्त्सेंगी भूऔष्णिक केंद्रात १९७६ पासून भूगर्भातलं गरम पाणी उपसतात, त्याने जमीन बसते. त्यात २०२० पासून मॅग्माने (खालच्या वितळलेल्या खडकाने) तीच जमीन अनेकदा फुगवली. म्हणून उपशाच्या नोंदी आधी मिळवा, भ्रंशाचा हिशेब मग. रडार-चित्रातला एक रंगपट्टा म्हणजे जमिनीची २.८ सेंटिमीटर हालचाल, तीही उपग्रहाच्या तिरक्या नजरेतून. बर्फातली चित्रं? सरळ वगळा.