पितळी इंजिनात डिकोडर : वाचकांच्या शंका

प्रश्न : माझ्या काकांनी अमेरिकेत असताना घेतलेले, जपानी बनावटीचे, एचओ मापाचे (खऱ्याच्या १/८७ आकाराचे) वाफेचे पितळी मॉडेल-रेल्वे इंजिन माझ्याकडे आले आहे. त्यात डीसीसी डिकोडर (डिजिटल नियंत्रणपद्धतीत रुळांतून आलेल्या आज्ञा वाचून मोटार चालवणारे छोटे सर्किट) बसवताना मी लाल तार इंजिनाच्या चेसिसला, काळी तार टेंडरला (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याला) आणि नारिंगी व करडी तार मोटारीच्या दोन ब्रशांना (फिरत्या भागाला वीज देणाऱ्या तुकड्यांना) जोडली. इंजिन रुळावर ठेवताच डिकोडरमधून धूर आला. जोडणी सूचनापत्रकाप्रमाणेच होती, मग चुकले कुठे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तारांचे रंग आपण बरोबर लावलेत, चूक त्याच्या आधीची आहे. प्लास्टिकच्या इंजिनात वीज ठरल्या वाटेनेच फिरते, पण पितळी इंजिनात चेसिस, बॉयलर, फार काय बॉयलरच्या कडेचे कठडेसुद्धा तारेचे काम करतात. या जपानी इंजिनांत बहुधा इंजिनाची चाके उजव्या रुळावरून आणि टेंडरची चाके डाव्या रुळावरून वीज घेतात. टेंडरची वीज जोडदांड्यातून मोटारीच्या एका ब्रशपर्यंत पोचते आणि दुसरा ब्रश मोटारीच्या लोखंडी चौकटीमार्फत थेट चेसिसला भिडलेला असतो. साध्या डीसीवर (रुळांतील विजेनेच थेट मोटार चालवण्याच्या पद्धतीत) ही रचना सोयीचीच होती. डीसीसीमध्ये मात्र मोटारीला मिळणारी वीज डिकोडरमधूनच गेली पाहिजे. आपल्या इंजिनात ती चेसिसमार्गे मागच्या दाराने डिकोडरच्या मोटारीकडील टोकावर आली आणि डिकोडर जळाला.

तेव्हा नवा डिकोडर घेण्यापूर्वी मोटार चेसिसपासून विजेच्या दृष्टीने वेगळी करावी. मोटार आणि गिअरपेटी यांच्यामध्ये रबरी नळीची जोडणी असेल तर काम सोपे आहे : मोटारीखाली फायबरची पातळ पट्टी घालून मोटार नायलॉनच्या स्क्रूने बसवावी, आणि बॉयलर चढवल्यावर तो मोटारीला घासत नाही ना, हे पाहावे. परंतु मोटारीच्या दांड्यावरचा धातूचा वर्म (स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर) सरळ गिअरवर बसत असेल, तर पट्टी घालूनही वीज दांड्यावाटे चेसिसमध्ये उतरते. अशा वेळी चौकटीला टेकलेला ब्रश आणि त्याची स्प्रिंग हीच वेगळी करावी लागतात. हे करताना कुतूहलापोटी मोटारीचे चुंबक बाहेर काढू नये. जुनी चुंबके चौकटीतून निघाली की त्यांचा जोर कमी होतो आणि मग मोटार जास्त वीज खाते. शेवटी मल्टीमीटर बझरवर ठेवून त्याचे एक टोक चेसिसला आणि दुसरे आळीपाळीने दोन्ही ब्रशांना लावावे. मीटर एकदाही वाजता कामा नये.

मोटारीची भूकही मोजून घ्यावी. १२ व्होल्ट डीसी देऊन, अ‍ॅमीटर मालिकेत जोडून, चाके क्षणभर घट्ट धरावीत. जुन्या उघड्या चौकटीच्या मोटारी अशा वेळी १ अ‍ॅम्पिअरहून अधिक वीज सहज ओढतात, म्हणून डिकोडरची क्षमता मोजलेल्या आकड्यापेक्षा जास्त हवी.

डिकोडर टेंडरमध्ये ठेवणे उत्तम. मग इंजिनाकडे लाल, नारिंगी, करडी आणि दिव्यासाठी निळी व पांढरी अशा पाचच तारा न्याव्या लागतात. त्या मऊ आणि बारीक असाव्यात, नाहीतर वळणावर टेंडर रुळावरून उचलला जातो. टेंडरच्या आतून कॅप्टॉन (वीजरोधक) टेप लावावी; डिकोडर मात्र श्रिंक (तापवल्यावर आवळणाऱ्या) नळीत पूर्ण गुंडाळू नये, कारण त्याची उष्णता बाहेर पडायला हवी. मूळ दिव्याचे एक टोक बहुधा बॉयलरलाच डाखलेले असते. तो काढून १ किलोओहम रोधासह एलईडी लावावा.

पहिली चाचणी मुख्य रुळावर न घेता प्रोग्रामिंग रुळावर (डिकोडरमधील नोंदी वाचण्या-बदलण्यासाठीच्या वेगळ्या रुळावर) घ्यावी. तेथे वीज मर्यादित असल्याने काही चूक राहिलीच तरी डिकोडर वाचण्याची शक्यता मोठी असते. पत्ता ३ (नव्या डिकोडरचा मूळ क्रमांक) वाचला गेला की पुढे जावे.

प्रश्न : डिकोडर नीट बसला आहे, पण एका ठरावीक वळणावर इंजिन आले की सगळा लेआउटच बंद पडतो. डीसीवर हेच इंजिन तेथून निमूट जात असे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : शॉर्ट डीसीवरही होत असणार, पण इंजिन स्वतःच्या वेगाने ती जागा ओलांडून जात असे. डीसीसीचा बूस्टर (रुळांना वीज पुरवणारे यंत्र) तेवढ्या क्षणातच वीज तोडतो. खोलीत अंधार करून इंजिन त्या वळणावर हाताने हळू ढकलावे, ठिणगी जागा दाखवील. पुढच्या छोट्या ट्रकचे (इंजिनाच्या पुढील लहान चाकांच्या सांगाड्याचे) चाक सिलिंडरच्या पाठीला घासणे, हे नेहमीचे कारण. तेथे कानसीने थोडे घासून वर नेलपॉलिशचे दोन हात द्यावेत. तरीही शॉर्ट होत राहिला तर चाक आणि ब्रेकचे ठोकळे यांच्यामधली फट पाहावी.