लढाईचं एचिंग: काळोख जपून वापरा
एचिंग म्हणजे लेप दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेषा ओढायच्या, त्या आम्लाला खाऊ द्यायच्या आणि त्यांत शाई भरून चित्र छापायचं. लढाईचं चित्र म्हटलं की सगळीकडे जाड, काळ्या रेषा ओढायचा मोह होतो. तो आवरा. एचिंग करणारा चित्रकार जाक कालो याची १६३३ सालची युद्धाच्या हालअपेष्टांवरची चित्रमाला बघा. जेमतेम वीतभर रुंदीच्या पत्र्यावर अख्खी फौज मावते, कारण दूरचे सैनिक नुसत्या बारीक बाह्यरेषेचे असतात. गडद काळोख पुढच्या कोपऱ्यातल्या दोन-चार आकृत्यांनाच.

हा फरक हाताच्या जोराने येत नाही, आम्लाने येतो. आधी तांब्याच्या तुकड्यावर चाचणी घ्या: फेरिक क्लोराइड या तांबं खाणाऱ्या आम्लधर्मी द्रावणात ५, १५ आणि ४० मिनिटं. मग मूळ पत्र्यावर क्षितिज थोडंसं खाऊ द्या, मग तिथे आणखी खाऊ नये म्हणून वॉर्निशने झाका, नंतर मधला भाग, शेवटी पुढचा. आडव्यातिडव्या रेषा फार दाट घेऊन जास्त वेळ ठेवल्या, तर मधलं तांबं खचतं, शाई धरत नाही आणि सावलीच्या जागी मळकट राखाडी डाग उमटतो.

फुगून निमुळती होणारी रेषा हवी असेल तर एशोप, म्हणजे टोक तिरकं कापलेली सुई, घ्या आणि ओढताना बोटांत किंचित फिरवा. घोड्याच्या पुठ्ठ्यावर ती काय खुलते! धुरासाठी जागा कोरीच सोडा, कडेला चार वळणं पुरेत. आणि रेखाटन पत्र्यावर उलटं उतरवा, नाहीतर छापल्यावर सगळे स्वार डावखुरे निघतील.