मन थाऱ्यावर नसेल तेव्हा आधी काय करावं?

या महिन्यातल्या बहुतेक पत्रांची तक्रार एकच आहे. योग सुरू केला, डायरी लिहायला घेतली, पण मन शांत होण्याऐवजी जास्तच ढवळून निघालं. असं बऱ्याच जणांचं होतं. क्रम चुकलेला असतो, नाहीतर मात्रा जास्त झालेली असते. म्हणून उत्तरं नेहमीपेक्षा तपशिलात दिली आहेत. ती योगशिक्षक आणि समुपदेशक यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : मी ३४ वर्षांची, पिंपरी-चिंचवडला आयटीत नोकरी करते. रोज सकाळी २० मिनिटं डोळे मिटून ध्यानाला बसते. पण पाच मिनिटांतच छातीत धडधडायला लागतं, विचार दुप्पट वेगाने येतात, उठून पळावंसं वाटतं. ध्यान माझ्यासाठी नाहीच का?

आहे, पण तुम्ही थेट सातव्या पायरीवर पाय ठेवताय. अष्टांगयोगात, म्हणजे योगाच्या आठ पायऱ्यांत, ध्यान सातवं येतं. आसन तिसरं, प्राणायाम चौथा. मन विखुरलेलं असलं की शरीराला कंप सुटतो आणि श्वास बिघडतो, हे पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात, म्हणजे भागात, सांगितलंय. अशा अवस्थेत स्थिर बसायला लावलं, की आतली खळबळ बाहेर पडायला वाट उरत नाही आणि सगळं लक्ष धडधडीवरच जाऊन बसतं. आधी शरीर, मग श्वास, मग बैठक, या क्रमाने जा. एकूण २५ मिनिटं पुरतात.

पहिली दहा मिनिटं हालचाल. चार सूर्यनमस्कार, एकाला साधारण एक मिनिट. नंतर मार्जारासन दहा वेळा: हात आणि गुडघे जमिनीवर टेकून, श्वास घेताना पाठ खाली, सोडताना वर. मग खुर्चीसमोर उभं राहून गुडघे थोडे वाकवा, कमरेतून पुढे झुका आणि बैठकीवर दुमडलेल्या हातांवर कपाळ टेकवा. दोन मिनिटं तसंच राहा. चक्कर येत असेल किंवा रक्तदाब जास्त असेल तर हे झुकणं गाळा.

पुढची पाच मिनिटं मकरासन. पालथं झोपायचं, पाय थोडे फाकवून, कपाळ एकावर एक ठेवलेल्या हातांवर. धास्तावलेला माणूस खांदे उचलून वरच्या वर श्वास घेतो. पालथं झोपल्यावर श्वास घेताना पोट सतरंजीवर दाबलं जातं आणि श्वास कुठवर पोचतोय ते आपसूक कळतं. ‘पोटाने श्वास घ्या’ असं शंभरदा सांगून जे जमत नाही, ते या आसनात जमतं.

मग बसून पाच मिनिटं: चार अंक मोजेपर्यंत श्वास आत, सहा अंक मोजेपर्यंत बाहेर, दोन्ही नाकानेच. मधे रोखायचा नाही. एक आवर्तन साधारण दहा सेकंदांचं, म्हणजे मिनिटाला सहा. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून सोडणं लांबवायचं. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे छाती भरभरून ‘दीर्घ श्वास’ घेणं. त्याने अस्वस्थता वाढते. श्वास हळू हवा, मोठा नको. चार-सहाला गुदमरल्यासारखं झालं तर तीन-चार धरा.

शेवटी भ्रामरी, म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखं गुणगुणणं, पाच वेळा. ओठ मिटलेले, दात एकमेकांना न टेकलेले, सूर खालच्या पट्टीतला. बुबुळांवर बोटं दाबायची नाहीत. त्यानंतर फक्त तीन मिनिटं बसा, तेही डोळे अर्धवट उघडे ठेवून, लक्ष तळपाय जमिनीला टेकलेत तिथे. तीन आठवडे एवढंच. मग दर आठवड्याला बैठक दोन मिनिटांनी वाढवा. विचार थांबवायचा प्रयत्न करू नका. विचार आला हे कळलं की पुन्हा तळपायावर या. धडधड व्यायामाशिवाय, एरवीही अचानक होत असेल, तर थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि ईसीजी एकदा तपासून घ्या.

प्रश्न : वय ६१, सातारा. निवृत्तीनंतर रोज रात्री झोपण्यापूर्वी आत्मपरीक्षण म्हणून डायरी लिहितो. ‘मी असा का वागलो’ हे शोधताना जुन्या चुका निघतात, धाकट्या भावाशी जमिनीवरून झालेलं भांडण निघतं, आणि मग दोन-दोन वाजेपर्यंत झोप नाही. लिहिणं बंद करू का?

बंद करू नका. वेळ, प्रश्न आणि शेवट, या तीन गोष्टी बदला.

आत्मपरीक्षण आणि उगाळणं दिसायला सारखंच असतं, पण ओळखायची सोपी खूण आहे. गेल्या चार दिवसांची पानं शेजारी ठेवून वाचा. प्रत्येक पानावर काहीतरी नवं सापडलं असेल, निदान एखादी बारीकशी गोष्ट, तर ते परीक्षण. तीच वाक्यं फिरून फिरून आली असतील तर ते उगाळणं. ‘का’ या प्रश्नाला रात्री अकरा वाजता सहसा एकच उत्तर मिळतं: ‘कारण मी असाच आहे.’ म्हणून ‘का’ बाजूला ठेवून ‘काय झालं, केव्हा, शरीरात कुठे जाणवलं, आता काय करता येईल’ असं विचारा.

लिहिण्याची वेळ संध्याकाळी सहा-सातच्या दरम्यान ठेवा. अंथरुणात तर कधीच नाही. पंधरा मिनिटांचा गजर लावा. वाजला की वाक्य अर्धं असलं तरी थांबायचं. चारच ओळी लिहायच्या. पहिली, घटना, जशी कॅमेऱ्याला दिसली असती तशी. दुसरी, शरीर. तिसरी, त्या क्षणी मनात उमटलेलं वाक्य, जसंच्या तसं. चौथी, उद्या करता येईल अशी एक छोटी कृती.

तुमच्या पत्रात एक प्रसंग आहे, त्याचंच उदाहरण घेऊ. तुम्ही लिहिलंय, ‘भावाच्या मुलाने लग्नात माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, माझ्याच कर्माची फळं.’ याच्या चार ओळी अशा होतील:

घटना: जेवणाच्या पंगतीत पुतण्या समोरून गेला, बोलला नाही.
शरीर: घसा आवळला, कान गरम झाले.
वाक्य: ‘सगळ्यांनी मला वाळीत टाकलंय.’
कृती: रविवारी त्याला फोन करून नव्या नोकरीची चौकशी करणार.

आता तिसरी ओळ पहिलीशेजारी ठेवून वाचा. एक जण बोलला नाही, आणि मनाने त्याचे ‘सगळे’ केले. हा फरक कागदावर दिसला, की त्या वाक्याचा जोर बराच ओसरतो. ‘सगळं छान आहे’ असं स्वतःला बजावण्याची गरज नाही. योगसूत्रांतल्या प्रतिपक्षभावनेचा गाभाही हाच: या विचाराच्या मागे गेलो तर शेवटी पदरात काय पडेल, ते नीट पाहणं.

भावाशी झालेलं भांडण मात्र चार ओळींत मावणारं नाही. त्यासाठी वेगळी पद्धत आहे. १९८६ मध्ये जेम्स पेनबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगातून ती पुढे आली. मनात दडलेल्या एकाच प्रसंगावर सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, शुद्धलेखनाची पर्वा न करता लिहायचं. काय झालं आणि तेव्हा काय वाटलं, दोन्ही. लिहून झाल्यावर तास-दोन तास मन जड होतं, ते अपेक्षितच आहे. त्यामुळे नंतर एक फेरी मारायची सोय ठेवा. चार दिवसांनंतर थांबायचं. ते कागद फाडले तरी हरकत नाही. लिहिताना पायाखालची जमीन सरकल्यासारखं वाटलं तर तिथेच सोडून द्या आणि तो विषय समुपदेशकासमोर काढा.

पतंजलींनी चित्त प्रसन्न राहण्यासाठी चार वृत्ती सांगितल्या आहेत: सुखी माणसाबद्दल मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, चांगलं वागणाऱ्याबद्दल आनंद, वाईट वागणाऱ्याबद्दल तटस्थता. भाऊ आठवला की ‘या क्षणी तो मला चौघांपैकी कोण दिसतोय?’ एवढंच विचारा. आज वाईट वागणारा दिसेल, महिन्याभराने कदाचित दुःखी दिसेल. घाई करून माफ करायचा अट्टहास नको. तो टिकत नाही.

लिहून झालं की तळहात मांडीवर, दहा शांत श्वास, आणि वही झोपायच्या खोलीबाहेरच्या कपाटात. आठवड्यातून एकदा, सकाळी, सात पानं पेन्सिल घेऊन वाचा आणि पुन्हापुन्हा आलेल्या गोष्टींखाली रेघ मारा.

आणखी एक. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, पहाटे तीन-चारला जाग येऊन सगळं व्यर्थ वाटत असेल, जेवणावरची वासना गेली असेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्याला डायरी पुरत नाही. डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : कपालभातीने ताण जातो असं ऐकून रोज १५ मिनिटं करतो. बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, कधी घाबरं होतं. शरीर शुद्ध होत असल्याची ही लक्षणं आहेत का? (नागपूर)

नाहीत. भराभर श्वास सोडल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. मुंग्या, हलकेपणा, घाबरणं त्यातून येतं. पॅनिक अटॅकमध्ये शरीरात जे घडतं ते बरंचसं हेच, म्हणून चिंतेचा त्रास असलेल्यांना हा अभ्यास उलटतो. हठयोगात कपालभाती ही शुद्धिक्रिया आहे. मन निवावं म्हणून १५ मिनिटं करायची ती गोष्ट नव्हे.

सध्या पूर्ण थांबा आणि वर दिलेला चार-सहाचा श्वास घ्या. पुढे करायचीच झाली तर रिकाम्या पोटी, सेकंदाला एक याप्रमाणे २० ते ३० ठोके, मग मिनिटभर विश्रांती, अशा दोन फेऱ्या. हिसका फक्त ओटीपोटाचा, खांदे स्थिर. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, फिट्स, गरोदरपण, पाळीचे दिवस आणि पोटाची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, यांत करू नये.

प्रश्न : मुलगी १८ वर्षांची, लातूरला नीटची तयारी करते आहे. फोनवर रडते, ‘माझ्याच्याने होणार नाही, सगळं संपवावंसं वाटतं’ म्हणते. कोणता प्राणायाम सांगू?

ताई, प्राणायाम नंतर. ‘संपवावंसं वाटतं’ हे वाक्य ऐकल्यावर आधी तिच्याकडे जा, किंवा तिला घरी आणा. तिला सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का? कसा, काही ठरवलंयस का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारलं याने मोकळं वाटतं. ‘हो’ म्हणाली तर तिला एकटीला ठेवू नका, गोळ्या-औषधं, शेतातली फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तिलाही द्या, तुम्हीही फोन करा.

तोवर मार्कांचा विषय काढू नका. ‘अमक्याची मुलगी बघ’ तर नकोच.

उपचार सुरू झाल्यावर योगाची जोड जरूर द्या, पण आज्ञा म्हणून नको. संध्याकाळी दोघी मिळून दहा मिनिटं पाय भिंतीवर टेकवून झोपा, कमरेखाली घडी केलेली चादर. परीक्षेच्या वर्गात प्रश्नपत्रिका हातात पडली की तीन लांब उच्छ्वास, मग पहिला प्रश्न. रात्रीची झोप सात तासांच्या खाली जाऊ देऊ नका. झोप मोडून केलेला अभ्यास डोक्यात टिकत नाही.

प्रश्न : नैराश्यावर आठ महिने गोळ्या चालू आहेत, आता बरं वाटतंय. वर्गातले शिक्षक म्हणतात, योग करतोस तर गोळ्या सोड. सोडू का? आणि इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जावं का?

गोळ्या स्वतःहून सोडू नका. बरं वाटतंय त्यात गोळ्यांचा वाटा आहे. एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, झोपमोड होते आणि आजार उलटण्याची शक्यता वाढते. कधी आणि किती किती कमी करायच्या ते तुमचे डॉक्टरच ठरवतील. तुमच्या शिक्षकांनी आपल्या अधिकाराबाहेरचा सल्ला दिला आहे.

शिबिराचं म्हणाल तर यंदा नको. पहाटे चारला उठणं, दिवसाला सुमारे दहा तास ध्यान, दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन, हा मोठा भार आहे. नुकत्याच सावरलेल्या मनात दबलेलं एकदम वर आलं तर तिथे रोजचा आधार जवळ नसतो. अर्जातही मानसिक आजार आणि औषधांची माहिती विचारतात. ती लपवून जाऊ नका.

प्रश्न : डोंबिवलीत एका खोलीत पाच माणसं. शांत जागाच नाही. कुठे करू?

ओट्याशी उभ्या उभ्या करा. दूध तापेपर्यंत दोन्ही पायांवर सारखा भार, गुडघे सैल, चार-सहाचे दहा श्वास. लोकलमध्ये बसायला मिळालं तर हात मांडीवर ठेवून एका स्टेशनपासून पुढच्या स्टेशनपर्यंत उच्छ्वास मोजा. चालताना चार पावलं श्वास आत, सहा पावलं बाहेर. चार ओळी लिहायला खिशातली छोटी वही पुरते. घरचे वाचतील अशी धास्ती असेल तर नावांऐवजी खुणा वापरा.

प्रश्न : शवासनात अचानक रडू येतं. आई जाऊन पाच महिने झालेत. थांबवावं का?

थांबवू नका. दिवसभर आवळून धरलेले जबडा, खांदे, पोट सैल सुटले की रडू वाट काढतं. कुशीवर वळा, डोक्याखाली उशी घ्या, एक हात पोटावर, आणि येऊ द्या. उताणं राहून रडताना घसा दाटतो, म्हणून कूस बरी. फार उमाळा आला तर डोळे उघडा आणि खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मनात घ्या. वर्गात असाल तर शिक्षकांना आधी सांगून ठेवा, म्हणजे ते गडबडून तुम्हाला उठवायला येणार नाहीत. नंतर पाणी प्या आणि लगेच गाडी चालवायला निघू नका.