मल्टीटूल साडेतीन हजाराचं घ्या, पण दादा, ती साठ हजाराची पॉलिसी आधी बघू

नाशिकहून एका दादांचं पत्र आलंय. वय 36, मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोब फिटिंगचं स्वतःचं काम, हाताखाली एक पोरगा, बायको आणि दोन मुलं, सगळं जाऊन महिन्याला 40-45 हजार सुटतात. प्रश्न असा की ऑसिलेटिंग मल्टीटूल (ब्लेड थरथरवत कापणारं हातातलं मशीन) घ्यायचंय, महिन्यात दोन-तीन साइटवर तासभर लागतं, लोकल ब्रँडचं वायरवालं 3,500 ला आहे आणि नावाजलेल्या कंपनीचं बॅटरीवालं पेटीसकट 22,000 ला. दुकानदार म्हणतो बारा महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय करून देतो, रोख दिले तर 20,000 ला देतो, आणि धंद्याचं मशीन म्हणजे टॅक्सपण वाचेल. दादांचा स्वतःचा हिशोब असा की भारी मशीन असलं की महिन्याला आठ-दहा हजार जास्त सुटतील.

आणि सगळ्यात खाली एक ओळ, सहज लिहिल्यासारखी: "रोख जरा टाइट आहे कारण फेब्रुवारीत पॉलिसीचा 60,000 चा दुसरा हप्ता आहे आणि टेम्पोचं लोन चालू आहे, पण पॉलिसी सेफ आहे, डबल होणार आहे."

मशीनचं आधी उरकून टाकतो. महिन्याला दोन-अडीच तास म्हणजे वर्षाला 30 तास धरा, पाच वर्षांत 150. भारी मशीन तासाला जवळपास 150 रुपयांना पडतं. स्वस्तातलं दर दोन वर्षांनी जळालं आणि तीन घ्यावी लागली तरी साडेदहा हजार, म्हणजे तासाला 70. फरक आहेच, स्वस्तातलं हातात जास्त थरथरतं, लवकर तापतं, ब्लेड बदलायला ॲलन की शोधत बसावं लागतं. दिवसभर चौकटी खालून कापणाऱ्या माणसाला मी हे घ्या म्हणणार नाही. पण कॅबिनेटच्या मागच्या प्लायमध्ये स्विच बोर्डाचा चौकोन काढायचा, स्कर्टिंगचा तुकडा उडवायचा, एवढ्यासाठी पुरतं.

खरा खर्च मशीनचा नाहीच, ब्लेडचा आहे. साधं लाकडाचं ब्लेड प्लायमधल्या एका खिळ्यावर गेलं की संपलं. खिळ्यालाही टिकणारं बायमेटल (दोन धातूंचं) ब्लेड साधारण 300-400 ला पडतं, महिन्याला दोन गेली तरी वर्षाला आठ हजार, पाच वर्षांत चाळीस. म्हणून मशीन घेताना आधी हे बघा की त्याला बाजारात सहज मिळणारी ब्लेड बसतात का. बऱ्याच भारी मशीनमध्ये ब्लेड अडकवायची स्टारलॉक पद्धत असते, फाइन आणि बॉश या दोन कंपन्यांनी 2016 मध्ये आणलेली, त्यातही साधं, प्लस आणि मॅक्स अशा तीन जाती, आणि मोठ्या जातीचं ब्लेड लहान मशीनला बसत नाही. (हे मशीन मूळचं याच फाइनचं, 1967 साली हाडावरचं प्लास्टर कापायला काढलेली थरथरती करवत. पेटंट संपल्यावर बाकीचे घुसले, म्हणून आज साडेतीन हजारात मिळतंय.) साइटवर लाइट नसते म्हणून बॅटरीचंच पाहिजे असेल तर तुमच्याकडे ज्या कंपनीचा बॅटरीवाला ड्रिल आहे त्याच बॅटरीवर चालणारं नुसतं मशीन बघा, बॅटरी आणि चार्जरचे पैसे परत कशाला द्यायचे.

नो कॉस्ट म्हणे. रोख 20,000 आणि ईएमआयवर 22,000, वर प्रोसेसिंग फी वेगळी. दर महिन्याला हप्ता जातो म्हणजे सरासरी दहा-अकरा हजारच वर्षभर वापरायला मिळतात आणि त्यावर दोन हजारांहून जास्त देताय. वीस टक्क्यांच्या आसपास व्याज झालं हे. टॅक्सचं तर विचारूच नका, वर्षाला पाच-सव्वापाच लाख कमावणाऱ्याला नव्या पद्धतीत टॅक्स शून्य आहे, जीएसटी नंबर नाही म्हणजे इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) पण नाही. भरतच नाही तो टॅक्स वाचणार कुठून? आणि ते आठ-दहा हजार जास्त सुटणं, अडीच तासात, म्हणजे तासाला साडेतीन-चार हजार. गिऱ्हाईक ओटा आणि ट्रॉली बघतं हो, मशीनचा रंग नाही बघत.

आता पॉलिसी. मी कागद मागवले, दादांनी फोटो पाठवले. वर्षाला 60,000, सात वर्षं, म्हणजे 4 लाख 20 हजार. पंधराव्या वर्षाअखेर 8 लाख 40 हजार. विमा 6 लाखांचा. बँकेत एफडी रिन्यू करायला गेले होते, तिथल्या माणसाने "एफडीसारखंच आहे, फक्त डबल" म्हणून सांगितलं आणि एफडी मोडून हे गळ्यात मारलं. मला या "डबल"चा खरंच वैताग येतो, कारण किती वर्षांत डबल हे सांगायच्या आतच सही झालेली असते.

हिशोब सोपाय. सात हप्त्यांचा मधला हप्ता तिसरं वर्ष संपल्यावर पडतो, तिथून बारा वर्षांनी डबल. किती टक्क्यांनी डबल होतं ते काढायला 72 ला वर्षांनी, म्हणजे 12 ने भागा, 6 टक्के. आणि टेम्पोचं लोन किती टक्क्यांनी आहे? 17. बाकी 2 लाख 40 हजार, अजून तीन वर्षं. म्हणजे एका हाताने 17 टक्क्यांनी घेताय आणि दुसऱ्या हाताने 6 टक्क्यांनी ठेवताय, आणि त्याला सेफ म्हणताय. ते 60,000 लोनमध्ये भरले असते तर वर्षाला दहा हजार व्याज वाचलं असतं, तुमचं साधं मशीन ब्लेडसकट त्यात निघालं असतं.

महिन्याचं गणित पण बघा. घरखर्च 30, लोनचा हप्ता साडेआठ, पॉलिसीचे महिन्याला पाच धरा. साडेत्रेचाळीस झाले, आणि सुटतात 40 ते 45. एक साइट पुढे ढकलली गेली की गाडी अडली. मल्टीटूलमुळे रोख टाइट झालेली नाही, पॉलिसीमुळे झालीय.

विम्याचं म्हणाल तर उद्या काही झालं तर 6 लाखांतून लोन फेडून उरतात 3 लाख 60 हजार, म्हणजे घरच्यांचं बरोबर एक वर्ष. 50 लाखांचा टर्म प्लॅन (नुसता विमा, शेवटी पैसे परत नाहीत) तुमच्या वयाला आठ-दहा हजारांत येतो, सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटी पण नाही. तंबाखू खात असाल तर फॉर्मवर खरं लिहा, हप्ता वाढेल पण क्लेम अडकणार नाही. आणि दिवसभर कटर, ग्राइंडर हातात असणाऱ्या माणसाकडे ॲक्सिडेंट कव्हर नाही, याची पत्रात एक ओळपण नाही! अंगठा गेला तर दीड महिना घरी बसावं लागेल, तेव्हा ईएमआय कोण भरणार? बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा आजच चालू करा, वर्षाला 20 रुपयांत 2 लाख, पण तो मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वालाच आहे. म्हणून वर एक पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी घ्या ज्यात काम बंद पडलं तर आठवड्याला ठरावीक रक्कम मिळते. धंदा सुतारकाम असाच लिहा, "ऑफिस" लिहू नका.

पहिला हप्ता बुडेल ना, असं तुम्ही म्हणणार. थोडा बुडेल. 30 दिवसांत परत करायची मुदत केव्हाच गेली. पण तुमची पॉलिसी ऑक्टोबर 2024 नंतरची आहे, त्यामुळे पहिलं वर्ष पूर्ण झालं की सरेंडर केल्यावर, म्हणजे मुदतीआधी बंद केल्यावर, काहीतरी परत मिळतं, किती ते कंपनीकडून लेखी घ्या. समजा अर्धे गेले, 30,000. ते गेले असं धरून पुढच्या सहा हप्त्यांचा हिशोब केला तरी परतावा पावणेसातच्या आसपास येतो, 17 च्या जवळपास पण नाही. तेव्हा दुसरा हप्ता भरू नका. त्या 60,000 मधून टर्म आणि ॲक्सिडेंटचे हप्ते, मशीन आणि ब्लेड, बाकीचे लोनमध्ये, फक्त प्रीपेमेंट चार्ज किती तो आधी विचारा. पण टर्म प्लॅन हातात आल्याशिवाय ही पॉलिसी सोडू नका. "एफडीसारखंच" असा त्या माणसाचा व्हॉट्सॲप मेसेज असेल तर कंपनीकडे आणि मग विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका, नसेल तर त्यात वेळ घालवू नका.

आणि सरेंडर वर्ष भरल्यावरच, पण बाकीची तयारी फेब्रुवारीची वाट न बघता जानेवारीतच करा, कारण बहुतेक सही करताना ऑटो डेबिटवर पण सही घेतलेली असते, ती परवानगी (मॅन्डेट) बँकेत जाऊन बंद केली नाही तर हप्ता आपोआप कापला जाईल. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांचा ग्रेस असतो, सरेंडरचा आकडा मागवायला तेवढे दिवस पुरतात.